घोडा आणि शर्टाचं बटण

परवा सकाळी चहा घेताना फोन उघडला, तर अमेरिकेतल्या भाचीनं एक व्हिडिओ पाठवला होता. तिचा मुलगा सहा वर्षांचा आहे, सेरेब्रल पाल्सी आहे त्याला. व्हिडिओत तो घोड्यावर बसला होता, आणि तेही उलटा! तोंड शेपटीकडे, दोन्ही तळवे घोड्याच्या पुठ्ठ्यावर टेकलेले, डोक्याला हेल्मेट. दोन्ही बाजूंना एकेक माणूस, पुढे घोडा धरून एक बाई, आणि आणखी एक बाई नुसतीच बरोबरीनं चाललेली. तिची नजर सारखी पोराच्या पाठीवर.

मी घाबरून लगेच फोन लावला. "अगं, हे काय चालवलंयस? पडेल ना पोर!"

"मावशी, ती बाजूनं चालतेय ना, ती ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे. ट्रीटमेंट चालू आहे त्याची."

"कसली ट्रीटमेंट? घोड्यावर बसायची?"

"नाही गं. शर्टाचं बटण लावायची."

मी गप्पच झाले. बत्तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला. शिलेदार म्हणजे स्वतःचा घोडा घेऊन येणारा आणि बारगीर म्हणजे सरकारी घोड्यावर बसणारा, हे फळ्यावर किती वेळा लिहिलं असेल देव जाणे. पण घोडा आणि शर्टाचं बटण यांचा संबंध कुठल्याच पुस्तकात आला नव्हता. मग महिनाभर तोच नाद लागला. घरातल्यांना कंटाळा येईपर्यंत वाचलं, आता तुमची पाळी!

या उपचाराला 'हिप्पोथेरपी' म्हणतात. ऐकून डोळ्यांसमोर राणीच्या बागेतला पाणघोडा उभा राहिला, पण ती चूक आपली नाही, ग्रीकांची आहे. 'हिप्पोस' म्हणजे घोडा. नदीतल्या त्या अगडबंब प्राण्याला त्यांनी 'नदीतला घोडा' म्हटलं, आणि आपण त्याचा पाणघोडा केला. असो.

घोड्यावर बसणं तब्येतीला चांगलं, हे म्हणणं जुनंच आहे. सतराव्या शतकातला थॉमस सिडनहॅम हा नावाजलेला इंग्रज वैद्य तर क्षयाच्या रोग्यांनासुद्धा घोड्यावरून रपेट करायला सांगे. पण त्या काळी वैद्य परवडणारा आणि घोडा बाळगणारा माणूस बहुधा एकच असायचा, तेव्हा त्या सल्ल्याचं मला फारसं कौतुक वाटत नाही. खरी गोष्ट सुरू होते ती डेन्मार्कमध्ये, एका तरुण बाईपासून.

लिस हार्टेल तिचं नाव. जन्म १९२१ चा. घोडेस्वारीत नाव कमावलेली. १९४४ साली, वयाच्या तेविसाव्या वर्षी, तिला पोलिओ झाला. त्या वेळी ती गरोदर होती. दिवस भरल्यावर मुलगी झाली, ती ठणठणीत. पण आईचे पाय गुडघ्याखाली कायमचे गेले, हातांतही पहिली ताकद राहिली नाही. कुबड्यांवर चालता आलं तरी पुष्कळ झालं, असं डॉक्टरांचं मत. लिसनं आधी हात उचलायचा सराव केला, मग लहान मुलासारखी रांगायला शिकली, मग कुबड्या आल्या. आणि मग ती म्हणाली, मला घोड्यावर बसवा.

बसवली. कित्येकदा पडली. पायांनी इशारा देणं बंद, त्यामुळे तिनं बैठकीतून, पाठीतून, शरीराचा भार किंचित इकडेतिकडे करून इशारे द्यायला सुरुवात केली, आणि तिची जुबिली नावाची घोडी ते इशारे ओळखू लागली. १९४७ साली लिस स्कँडिनेव्हियन स्पर्धेत बायकांमध्ये दुसरी आली.

आता ऑलिंपिककडे जायचं, पण वाटेत एक मजेदार भानगड आहे, ती सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. 'ड्रेसाज' नावाचा घोडेस्वारीचा प्रकार असतो. घोड्याला आखीवरेखीव हालचाली करायला लावायच्या आणि स्वारानं केलेला इशारा पाहणाऱ्याला दिसता कामा नये. १९४८ पर्यंत ऑलिंपिकमध्ये साध्या सैनिकाला यात प्रवेश नव्हता, आणि बायकांना तर नव्हताच. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये स्वीडनच्या संघानं सुवर्णपदक जिंकलं. नंतर कळलं की त्यांचा एक स्वार, गेनॅल पर्सन, मुळात सार्जंट! स्पर्धेपुरतं त्याला लेफ्टनंट केलं होतं आणि स्पर्धा संपल्यावर परत सार्जंट. १९४९ साली स्वीडनचं पदक काढून फ्रान्सला दिलं. एवढा बभ्रा झाल्यावर तो नियमच हास्यास्पद ठरला आणि १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये दार उघडलं, साध्या शिपायांना, नागरिकांना आणि बायकांनाही. एका सार्जंटाच्या खांद्यावरच्या खोट्या पट्टीमुळे! इतिहासात दारं अशीच उघडतात पुष्कळदा, भलत्याच माणसाच्या धक्क्यानं.

त्या उघड्या दारातून चार बायका आत आल्या. त्यांतली एक लिस. घोड्यावर चढताना आणि उतरताना तिला दुसऱ्यांचा आधार लागे, पण घोड्यावर बसल्यावर काही कळत नसे. सुवर्णपदक स्वीडनच्या हेन्री सेंट सिरला मिळालं, ५६१ गुण. लिसला ५४१.५, म्हणजे रौप्य. तिसऱ्याला ५४१. अवघ्या अर्ध्या गुणानं पुढे! सेंट सिरनं तिला हाताला धरून विजयमंचावर चढवलं. सैन्यातला पुरुष आणि पाय गेलेली बाई एका मंचावर, ही काही दयेनं दिलेली जागा नव्हती. परीक्षकांनी गुण मोजले होते. चार वर्षांनी, १९५६ साली, लिसनं पुन्हा रौप्य मिळवलं. ती २००९ साली गेली.

हेलसिंकीहून खेळाडू घरी परतले आणि त्याच ऑगस्टमध्ये कोपनहेगनला पोलिओची भयानक साथ आली. श्वास बंद पडलेले रोगी इतके, आणि यंत्रं बोटांवर मोजण्याइतकी. ब्योर्न इब्सेन नावाच्या भूलतज्ज्ञानं घशाला छेद देऊन नळी घालायची आणि रबरी पिशवी हातानं दाबून श्वास द्यायचा, असं सुचवलं. पिशव्या दाबायला वैद्यकीचे सुमारे दीड हजार विद्यार्थी पाळीपाळीनं बसले, दिवसरात्र, महिनोन्‌महिने. आजच्या आयसीयूची सुरुवात तिथली. साल्क यांची लस यायला १९५५ उजाडावं लागलं. (आपल्याकडे शेवटचा रोगी २०११ च्या जानेवारीत सापडला आणि २०१४ साली देश पोलिओमुक्त जाहीर झाला. माझ्या पिढीच्या प्रत्येक वर्गात कॅलिपर लावलेलं एक तरी मूल असायचंच.)

त्या वर्षी डेन्मार्कमध्ये आणि शेजारच्या देशांत पोलिओनं लुळी पडलेली हजारो मुलं होती, आणि याच रोगानं पाय गेलेली एक बाई घोड्यावर ताठ बसलेली सगळ्यांनी पाहिली होती. दोन आणि दोन चार करायला फिजिओथेरपिस्ट पुढे आल्या. कोपनहेगनच्या उल्ला हार्पोथ आणि नॉर्वेच्या एल्सेबेट बोट्कर यांची नावं सगळीकडे दिसतात. त्यांनी आपल्या बालरुग्णांना तट्टांवर बसवायला सुरुवात केली. हे लोण ब्रिटनमध्ये गेलं. तिथे १९६९ साली 'रायडिंग फॉर द डिसेबल्ड असोसिएशन' निघाली. त्याच वर्षी अमेरिकेतही तशीच संस्था उभी राहिली. 'नाऱ्हा' म्हणत तिला, आता 'पाथ इंटरनॅशनल' म्हणतात.

इथे मी बरीच गोंधळले होते. भाचीनंच सोडवलं. म्हणाली, "मावशी, अपंग मुलांनी घोडेस्वारी शिकणं वेगळं आणि हे वेगळं. तिथे शिकवणारा घोडेस्वारीचा शिक्षक असतो. इथे माझ्या मुलाला घोडा चालवायचाच नाहीये. लगाम त्याच्या हातात नसतोच." म्हणजे माझा नातू शिलेदार नाही, बारगीरही नाही. तो रुग्ण आहे, आणि घोडा म्हणजे थेरपिस्टच्या हातातलं साधन. जिवंत, गवत खाणारं, पण साधन.

हा विचार जर्मन भाषा बोलणाऱ्या देशांत, म्हणजे जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंडमध्ये १९६० नंतर पक्का झाला. अमेरिका आणि कॅनडामधले अठरा थेरपिस्ट १९८७ साली मुद्दाम जर्मनीला जाऊन ते शिकून आले आणि परत येऊन त्यांनी अभ्यासक्रम बांधला. १९९२ साली 'अमेरिकन हिप्पोथेरपी असोसिएशन' स्थापन झाली. तिथे फिजिओथेरपिस्ट, वाचा-उपचार करणारे आणि ऑक्युपेशनल थेरपिस्ट, तिघंही आपापल्या कामासाठी घोडा वापरतात.

ऑक्युपेशनल थेरपीला आपल्याकडे सरकारी मराठीत 'व्यवसायोपचार' म्हणतात. शब्द वाचून वाटतं की दुकान बुडालेल्या माणसावर इलाज करत असावेत. पण इथे 'व्यवसाय' म्हणजे माणसाचं रोजचं करणं-सवरणं. जेवणं, आंघोळ, कपडे घालणं, लिहिणं, खेळणं. ही विद्या १९१७ साली अमेरिकेत क्लिफ्टन स्प्रिंग्ज नावाच्या गावात संघटित झाली, आणि ज्याच्या घरी ती पहिली बैठक भरली तो जॉर्ज बार्टन वास्तुविशारद होता, स्वतः रोगानं खचलेला आणि डाव्या अंगाची ताकद गमावलेला. लिससारखंच इथेही. आधी रोग्यानं स्वतः करून पाहिलं, मग शास्त्र आलं.

आणि ही विद्या आपल्याकडे कुणी आणली माहीत आहे? कमलाबाई निंबकरांनी. मूळच्या अमेरिकन, माहेरचं नाव एलिझाबेथ लंडी. निंबकरांशी लग्न करून त्या इथल्या झाल्या. त्यांच्या खटपटीतून १९५० साली मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात व्यवसायोपचाराची शाळा निघाली, आशियातली पहिली. १९५२ साली दहा देशांनी मिळून या विषयाची जागतिक संघटना स्थापन केली, त्या दहांत भारत होता आणि डेन्मार्कही. फलटणचं कमला निंबकर बालभवन ऐकून होते मी, पण त्या नावामागे हेही आहे हे सत्तरी उलटल्यावर कळलं. इतिहासाची शिक्षिका म्हणे!

तर, बटण. मी भाचीला म्हटलं, बटण बोटांनी लावतात, त्यात घोडा कुठून आला? तिनं मला खुर्चीवरून उठवून पलंगाच्या मऊ गादीवर, पाय अधांतरी ठेवून बसवलं (फोनवरून!) आणि सुईत दोरा ओवायला सांगितलं. जमेना. तोल सांभाळायलाच दोन्ही हात लागायला लागले. तसंच त्या मुलाचं असतं. धड स्थिर नसेल तर हात बापडे धडाला टेकू देण्यातच गुंतलेले, बटणाला मोकळे कुठून होणार? म्हणून आधी कणा.

घोडा सावकाश चालताना त्याची पाठ तीन प्रकारे हलते. पुढे-मागे, डावी-उजवी आणि जराशी वळतेही. आपण चालतो तेव्हा आपल्या कमरेचं हाड जवळजवळ असंच हलतं. जे मूल कधी नीट चाललंच नाही, त्याच्या कमरेला चालण्याचा तो ठेका घोडा बसल्या जागी देतो. मिनिटाला साधारण शंभर पावलं, म्हणजे दहा मिनिटांत हजार वेळा 'पडतोयस, सावर' असा निरोप कण्याला मिळतो. हजार वेळा एकच धडा गिरवून घेणारा, न चिडणारा, छडी न उगारणारा मास्तर माझ्या तरी पाहण्यात नाही. खोगिराऐवजी बहुतेक वेळा जाड मऊ गादी बांधतात, कारण घोड्याच्या अंगाची ऊबही मुलाच्या मांड्यांना लागायला हवी. आवळलेले स्नायू त्यानं सैल पडायला मदत होते.

पण घोडा नुसता गोल फिरवायचा नसतो. थेरपिस्ट बघत असते. ती म्हणते, थांबवा, आणि घोडा थांबताच मुलाला पुढे जाणारं अंग मागे खेचावं लागतं. नागमोडी न्या म्हणते, लांब ढांगा टाकू द्या म्हणते. मुलाला उलटं बसवते, म्हणजे हातांवर भार येतो, खांदे तयार होतात. मग एका हातानं रिंग उचलून खांबात अडकवायची, दोन्ही हातांनी चेंडू झेलायचा. असं करत करत एक दिवस टेबलाशी बसून शर्ट. जीन एअर्स नावाच्या अमेरिकन ऑक्युपेशनल थेरपिस्टनं १९७२ साली एक पुस्तक लिहिलं. कानाच्या आतला तोल, सांध्यांमधून आणि त्वचेतून येणाऱ्या खुणा, हे सगळं मेंदू एकत्र गुंफतो आणि तो गोफ विसकटला की मुलाचं शिकणं अडतं, असं तिचं म्हणणं. तिनं घोड्यांबद्दल मांडणी केलेली नाही, पण या व्यवसायातल्या लोकांना घोडा पटला तो पुष्कळसा तिच्या चष्म्यातून.

लहानपणीचं ते कोडं आठवलं. पान का सडलं, घोडा का अडला, भाकरी का करपली? उत्तर एकच, फिरवली नाही म्हणून! माणसाचं शरीरही त्याच यादीत घालायला हवं होतं.

चमत्काराच्या गोष्टी खूप सांगितल्या जातात, त्या मी इथे लिहीत नाही. सेरेब्रल पाल्सीच्या मुलांचा तोल आणि बसणं सुधारतं असं दाखवणारे अभ्यास आहेत, पण बरेचसे थोड्या मुलांवर केलेले. पुष्कळ विमा कंपन्या अजून याला 'सिद्ध न झालेलं' म्हणून बाजूला ठेवतात, आणि भाचीचा त्यांच्याशी पत्रव्यवहार एका कादंबरीएवढा झाला आहे. शिवाय हे सगळ्यांसाठी नाही. डाऊन सिंड्रोमच्या काही मुलांच्या मानेचे वरचे मणके सैल असतात, त्यांना घोड्यावर बसवणं धोक्याचं. खुबा निखळण्याची भीती असेल तरी नको. घोडाही कुठलाही चालत नाही. छत्री उघडली, मूल किंचाळलं, चेंडू पोटावर आपटला तरी न बुजणारा शांत घोडा निवडून तयार करावा लागतो, आणि त्याला विश्रांतीही द्यावी लागते.

हे एवढं सगळं वाचलं, त्याला व्हिडिओपेक्षाही जुनं एक कारण आहे.

डिसेंबर १९८३. सातवीची सहल माथेरानला गेली होती, चाळीसेक मुलं, आम्ही तीन शिक्षक आणि एक शिपाई. वर्गात एक मुलगा होता, हुशार, दोन्ही पाय कात्रीसारखे एकमेकांवर चढणारे. वडील रोज सायकलवरून शाळेत आणून सोडत. 'सेरेब्रल पाल्सी' हा शब्द तेव्हा मला माहीत नव्हता, आम्ही 'जन्मतःच तसा' म्हणायचो. त्याला सहलीला न्यावं म्हणून मीच मुख्याध्यापकांशी भांडले होते, त्याचा मला अभिमानही होता. माथेरानला मोटारींना बंदी. पॉइंट बघायला चालत जा, नाहीतर घोड्यावरून. एक घोडेवाला आपणहून पुढे आला. "बाई, या पोराला मी नेतो धरून. माझी घोडी गरीब आहे, काही करत नाही." मुलगा माझ्याकडे बघत होता. म्हणाला, "बसू का बाई?"

मी नाही म्हटलं. पडला तर? जबाबदारी कुणाची? त्याला स्टेशनाजवळच्या एका हॉटेलाच्या ओसरीवर शिपायाबरोबर बसवलं आणि बाकीच्यांना घेऊन गेले. तीन तासांनी परत आले तर तो तिथेच. म्हणाला, "बाई, एकशे सात घोडे गेले. त्यातल्या पांढऱ्याचा मागचा उजवा पाय दुखतोय. कुणाच्या लक्षात नाही आलेलं."

आज इतकं वाचल्यावर सांगते, माझं नाही म्हणणं अगदीच चूक नव्हतं. ना हेल्मेट, ना बाजूला माणसं, दगडधोंड्यांचा लाल रस्ता, त्याचे खुबे कसे आहेत ते कुणी तपासलेलं नाही. कुठलाही थेरपिस्ट नाहीच म्हणाला असता. पण मी काही खुब्यांचा विचार करून नाही म्हटलं नव्हतं. मी वडिलांना काय तोंड दाखवू याचा विचार केला होता. आणि त्याला तिथल्या तिथे दोन मिनिटं, उभ्या घोडीवर, दोघांनी धरून बसवता आलं असतं. ते सुचलंच नाही, कारण नाही म्हणून माझा विचार संपला होता.

गेल्या आठवड्यात त्याचा नंबर मिळवला. पन्नाशी ओलांडली आहे, हिशेबाची कामं करतो, दोन मुली आहेत. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर धीर करून विचारलं, "माथेरान आठवतं का रे?"

"आठवतं की बाई! तुम्ही परत आलात आणि सगळ्यांना एकेक वडा दिलात. मला दोन."

मला ते वडे अजिबात आठवत नव्हते.

"का दोन, ते मला तेव्हाच कळलं होतं," तो म्हणाला. मग थोडा वेळ दोघंही काही बोललो नाही. फोन ठेवण्याआधी त्यानं नातवाचा तो व्हिडिओ मागून घेतला.